चेंडू थांबला की काय होते?

शालेय विज्ञान-प्रदर्शनात एक मांडणी दर एक-दोन वर्षांनी हमखास भेटते. प्लॅस्टिकचा चेंडू मधोमध कापलेला, आत नऊ व्होल्टची बॅटरी, एक बझर आणि एक बटण. शेजारच्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलेले असते, ‘अंध खेळाडूंसाठी बोलका चेंडू’. बटण दाबले की चेंडू पी-पी असा आवाज करतो. परीक्षक खूश होतात, मुलांना प्रमाणपत्र मिळते आणि चेंडू प्रयोगशाळेच्या कपाटात जाऊन बसतो. त्या चेंडूने कोणी खेळले का, हे विचारायचे मात्र बहुतेक वेळा राहून जाते.

मुलांच्या हेतूविषयी आमच्या मनात शंका नाही. पण हेतू चांगला आहे म्हणून वस्तू तपासायचीच नाही, हे विज्ञानाच्या शिक्षकाला शोभत नाही. पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते, तसे खेळाच्या साधनाचेही व्हायला हवे. या लेखात आम्ही अंध खेळाडूंसाठी बनवलेल्या काही साधनांचे असे परीक्षण करणार आहोत. ते करताना डोळ्यांसमोर चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलाच्या जिल्ह्यांतील शाळा ठेवणार आहोत, कारण साधन खरे किती उपयोगी आहे याची कसोटी अशाच ठिकाणी लागते.

प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. अपंग मुलांना सर्वसाधारण शाळेत शिकता यावे म्हणून केंद्र सरकारने १९७४ साली एकात्मिक शिक्षणाची योजना सुरू केली. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा तर आणखी पुढे जातो. त्याच्या कलम ३० मध्ये दिव्यांगांच्या खेळण्याच्या हक्काची दखल आहे आणि सर्व क्रीडाप्रकारांत निरनिराळ्या ज्ञानेंद्रियांना उपयोगी पडतील अशा सोयी करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. हे झाले कागदावर. प्रत्यक्षात अनेक शाळांत खेळाच्या तासाला अंध मुलगा कडुनिंबाखाली बसतो आणि इतरांच्या चपला व पाण्याच्या बाटल्या राखतो. “त्याला लागेल हो,” असे आपण म्हणतो, आणि आपल्याला ती काळजी वाटते. परंतु धावणे, पडणे, पुन्हा उठणे, अंगाचा तोल सावरणे, आवाजावरून अंतर ओळखणे हे सगळे ज्या वयात शिकायचे, त्या वयात तो बसून राहतो. पुढे एकट्याने एसटी स्थानकापर्यंत जाताना त्याला हीच कौशल्ये लागणार असतात. म्हणून त्याच्या हाती कोणता चेंडू द्यायचा, हा प्रश्न त्याच्या स्वतंत्रपणे वावरण्याचाही प्रश्न आहे.

कानाला काय हवे?

चेंडूचे परीक्षण करायचे तर आधी कान समजून घेतला पाहिजे. आवाज कोणत्या दिशेने आला हे आपल्याला कसे कळते? आपल्या दोन कानांमध्ये डोके असते. उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाला किंचित उशिरा पोहोचतो. हा उशीर जास्तीत जास्त सुमारे ०.६ ते ०.७ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या एक हजाराव्या भागाहूनही कमी असतो. मेंदू एवढा सूक्ष्म फरक ओळखतो. दुसरी खूण तीव्रतेची. उंच पट्टीच्या आवाजाची तरंगलांबी कमी असल्याने तो डोक्याला वळसा घालून सहज जात नाही. डोक्याची जणू सावली पडते आणि पलीकडच्या कानाला आवाज मंद ऐकू येतो. खालच्या पट्टीच्या आवाजासाठी वेळेतील फरक आणि वरच्या पट्टीसाठी तीव्रतेतील फरक, असा हा दुहेरी हिशेब लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली मांडला.

आवाज समोरून आला की मागून, हे मात्र या दोन्ही खुणांवरून कळत नाही, कारण दोन्ही वेळी तो दोन्ही कानांना सारखाच पोहोचतो. तेथे कानाची पाळी मदतीला येते. पाळीच्या वळणांमुळे निरनिराळ्या कंप्रतेचे आवाज कमीअधिक होतात आणि त्यावरून मेंदू पुढचे-मागचे ओळखतो. अर्थात, त्यासाठी आवाजात अनेक कंप्रता मिसळलेल्या असाव्या लागतात. खुळखुळा, वाळक्या पानांची सळसळ, नाण्यांचा खणखणाट यांत त्या असतात. बझरच्या आवाजात बहुधा एकच कंप्रता प्रबळ असते, तीन हजार हर्ट्झच्या आसपासची. असा एकसुरी आवाज भिंतींवरून परतला की तो नक्की कोठून येतो हे कळेनासे होते. वर्गात कोणाचा तरी मोबाइल वाजू लागतो आणि सगळे जण आपापले दप्तर चाचपू लागतात, हा अनुभव सर्वांनाच आहे. आवाज सर्वांना ऐकू येत असतो, फक्त त्याची जागा सापडत नसते.

प्रदर्शनातील चेंडूचा पहिला दोष येथे दिसतो. मुलांनी ‘ऐकू येतो का’ एवढेच तपासले, ‘कोठून ऐकू येतो’ हे तपासले नाही. दुसरा दोष सततच्या आवाजाचा. खेळाडूला केवळ चेंडू ऐकायचा नसतो. जोडीदाराची हाक, समोरून येणाऱ्याची पावले, फळीला लागलेला पाय हे सारे त्याला ऐकायचे असते. कर्कश चेंडू या सगळ्यांवर पांघरूण घालतो.

तरीही बझरवर सरसकट फुली मारणे अन्यायाचे होईल. १९६४ साली अमेरिकेतील कोलोराडो येथे टेलिफोन कंपनीतील अभियंता चार्ली फेअरबँक्स यांनी मोठ्या सॉफ्टबॉलमध्ये आवाज करणारे यंत्र बसवले. त्यातून ‘बीप बेसबॉल’ हा खेळ उभा राहिला आणि तो आजही खेळला जातो. तेथे बझर का चालतो? कारण तो खेळ मोकळ्या गवतावर होतो, भिंती नसतात, आणि क्षेत्ररक्षकाला गवतात येऊन थांबलेला चेंडू शोधून उचलायचा असतो. थांबलेला चेंडू बोलला पाहिजे ही त्या खेळाचीच गरज आहे. आमचा आक्षेप बझरला नाही. कोणता खेळ हे न ठरवता आधी चेंडू बनवण्याला आहे.

खुळखुळणाऱ्या चेंडूची कथा

जगभर अंधांच्या खेळात जो चेंडू टिकला, तो बहुतांशी खुळखुळणारा आहे. १९२२ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे कारखान्यात काम करणाऱ्या दोन अंध कामगारांनी डब्यात खडे घालून क्रिकेट खेळायला सुरुवात केली. अंध क्रिकेटचा उगम तेथे मानला जातो. आपल्याकडे या खेळात टणक प्लॅस्टिकचा चेंडू वापरतात आणि त्यात सायकलच्या बेअरिंगमध्ये असतात तसे धातूचे छर्रे असतात. इंग्लंडमधील देशांतर्गत सामन्यांत मात्र छर्रे भरलेला लहान फुटबॉल वापरण्याची पद्धत होती. अंध क्रिकेटची पहिली विश्वचषक स्पर्धा १९९८ साली नवी दिल्लीत झाली आणि ती दक्षिण आफ्रिकेने जिंकली. अंध महिलांची पहिली टी-ट्वेन्टी विश्वचषक स्पर्धा २०२५ साली झाली आणि ती भारतीय संघाने जिंकली.

खुळखुळ्याचे गुण उघड आहेत. त्याला बॅटरी लागत नाही, आवाजात अनेक कंप्रता असतात, आणि चेंडू जितका जोरात आदळतो तितका मोठा आवाज येतो, म्हणजे वेगाचीही बातमी मिळते. पण त्याचे दोषही स्पष्ट सांगितले पाहिजेत. ते तीन आहेत आणि तिन्हींचे कारण आठवी-नववीच्या भौतिकशास्त्रात सापडते.

पहिला दोष, चेंडू थांबला की मुका होतो.

दुसरा, चेंडू हवेत असताना जवळजवळ मुका होतो. हातातून सुटल्यावर कवच आणि आतले छर्रे यांना गुरुत्वाकर्षणामुळे सारखेच त्वरण मिळते. छर्रे कवचावर दाबले जात नाहीत आणि घासतही नाहीत. त्यामुळे खुळखुळाट होत नाही.

तिसरा दोष कमी लोकांच्या लक्षात येतो. वेगाने फिरणारा चेंडूही गप्प होऊ शकतो. चेंडूची त्रिज्या १२ सेंटिमीटर आहे आणि तो जमिनीवर लोळत चालला आहे असे समजा. आतला मोकळा छर्रा कवचाबरोबर फिरू लागला, तर एका मर्यादेनंतर तो माथ्यावर पोहोचला तरी खाली पडत नाही, कवचाला चिकटून राहतो. बादलीत पाणी घेऊन ती उभी गोल फिरवली की पाणी सांडत नाही, तसेच हे. ही मर्यादा केव्हा येते? वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या ही राशी ९.८ पेक्षा जास्त झाली की. १२ सेंटिमीटर त्रिज्येसाठी हा वेग येतो सेकंदाला सुमारे १.१ मीटर, म्हणजे ताशी ४ किलोमीटर. आपल्या चालण्याचा वेग याहून थोडा जास्तच असतो! तेव्हा गुळगुळीत फरशीवरून सरळ लोळणारा घरगुती चेंडू अगदी हव्या त्या क्षणी मुका होण्याचा धोका असतो.

आता उपाय पाहा. हाच छर्रा एका लहान डबीत घालून ती डबी चेंडूच्या मध्याजवळ, केंद्रापासून २ सेंटिमीटरवर बसवली तर? त्रिज्या सहापट कमी झाली. चेंडू मुका होण्याचा वेग सहाच्या वर्गमूळाइतका, म्हणजे सुमारे अडीच पट वाढला. ताशी ४ ऐवजी साडेनऊ किलोमीटर वेगापर्यंत तो बोलत राहील. विद्यार्थ्यांना स्वतः गणित करू द्यावे, मग दोन चेंडू बनवून ताडून पाहू द्यावे. अंधांच्या फुटबॉलच्या आंतरराष्ट्रीय नियमांत तर स्पष्ट अट आहे की चेंडू स्वतःभोवती फिरत असतानाही त्यातून आवाज येत राहिला पाहिजे. ही अट कोणी टेबलाशी बसून शोधली नसणार. चेंडू गप्प झाल्यावर ज्याच्या अंगावर आला, त्याच्या तक्रारीतूनच अशा अटी जन्मतात.

येथे आपल्या भागाला एक अनपेक्षित फायदा आहे. आपली मैदाने ओबडधोबड असतात. खड्यांवरून उडत जाणारा चेंडू प्रत्येक धक्क्याला बोलतो. शहरातील चकचकीत सभागृहापेक्षा मुरमाचे मैदान या एका बाबतीत बरे!

नियम हेही साधनच

खुळखुळ्याचे उरलेले दोष साधनात दुरुस्त झाले नाहीत, ते नियमांत दुरुस्त झाले. अंध क्रिकेटमध्ये चेंडू खांद्याखालून, हात जमिनीलगत ठेवून टाकतात आणि तो खेळपट्टीच्या निम्म्याच्या आत एकदा तरी टप्पा घेतलाच पाहिजे असा नियम आहे. हवेतला चेंडू मुका असतो, म्हणून त्याला जमिनीवर आणले. गोलंदाज आधी फलंदाजाला तयार आहेस का असे विचारतो, होकार आल्यावरच चेंडू सोडतो आणि सोडताना ‘प्ले’ असा पुकारा करतो. पूर्णतः अंध फलंदाजाच्या धावा दुप्पट धरतात, म्हणजे अल्पदृष्टी असलेल्यांच्या गर्दीत तो मागे पडत नाही.

गोलबॉलचे उदाहरण याहून बोलके आहे. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी ऑस्ट्रियाचे हान्स लोरेन्झेन आणि जर्मनीचे सेप राइंडल यांनी १९४६ साली हा खेळ तयार केला. १९७६ च्या टोरांटो येथील स्पर्धेपासून तो पॅरालिंपिकमध्ये पदकासाठी खेळला जातो. १८ मीटर लांब व ९ मीटर रुंद मैदान, दोन्ही टोकांना मैदानाच्या पूर्ण रुंदीएवढा गोल, प्रत्येक बाजूला तीन खेळाडू, आणि सव्वा किलो वजनाचा, आत घंटा असलेला, भोके पाडलेला चेंडू. चेंडू ताशी ६० किलोमीटर वेगाने आला तर एका टोकापासून दुसऱ्या टोकाला यायला त्याला जेमतेम एक सेकंद लागेल. तेवढ्यात दिशा ओळखून आडवे पडून तो अडवायचा. येथेही चेंडू ठरावीक पट्ट्यांत जमिनीला टेकलाच पाहिजे, नाही तर दंड होतो.

या खेळातील दोन साधने आम्हाला सर्वांत जास्त आवडतात. एक म्हणजे सुतळी. मैदानाच्या रेषांखाली दोरी घालून वर चिकटपट्टी लावतात. खेळाडू हाताने किंवा पायाने रेषा चाचपतो आणि आपण कोठे आहोत हे कोणालाही न विचारता जाणतो. दुसरे साधन म्हणजे शांतता. चेंडू खेळात असताना प्रेक्षकांनी गप्प बसायचे असते, टाळ्या गोल झाल्यावर. हे साधन फुकट आहे, पण आपल्या शाळांत सर्वांत दुर्मीळ तेच! साठ मुले ओरडत असलेल्या मैदानावर जगातला उत्तमातला उत्तम चेंडूसुद्धा निकामी आहे.

आणि येथे आपल्या मातीतल्या एका खेळाची आठवण होते. हुतूतू किंवा कबड्डीत चढाई करणारा गडी दम न सोडता सतत पुकारा करत असतो. तो कोठे आहे हे त्याचा आवाज क्षणोक्षणी सांगतो. अंधांच्या फुटबॉलमध्ये चेंडूकडे जाणाऱ्या बचाव करणाऱ्या खेळाडूने ‘वॉय’, म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘मी येतोय’, असे ओरडलेच पाहिजे, कारण टक्कर टळावी. जे तेथे टक्कर टाळण्यासाठी नियम म्हणून आणावे लागले, ते आपल्या कबड्डीत आधीपासूनच आहे. कमी आहे ती बचाव करणाऱ्यांच्या आवाजाची. त्यांनी हातांची साखळी सोडायची नाही आणि ठरावीक तालात टाळी किंवा पाय वाजवायचा, असा नियम करून पाहण्यासारखा आहे. नवा चेंडू बनवण्यापूर्वी जुना खेळ एकदा नीट ऐकावा, एवढेच आमचे म्हणणे.

जी साधने कमी बोलतात

पोहण्याचे पाहा. अंध जलतरणपटू वेगाने येतो तेव्हा भिंत कधी येणार हे त्याला कळत नाही, डोके आपटण्याची भीती असते. यावर उपाय काय, तर काठावर उभा असलेला सहायक. त्याच्या हातात एक लांब काठी, टोकाला मऊ गोळा. भिंत जवळ आली की तो पोहणाऱ्याच्या डोक्यावर किंवा पाठीवर हलकी टपली मारतो. बस्स. विदर्भाच्या जलतरणपटू कांचनमाला पांडे यांनी २०१७ साली मेक्सिकोत झालेल्या जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत पूर्णतः अंधांच्या गटात सुवर्णपदक मिळवले. या गटातील प्रत्येक शर्यत अशा टपलीच्या भरवशावरच होते. ही काठी आम्हाला आदर्श साधन वाटते. तिला जे सांगायचे ते एकच आहे, आणि ते ती नेमक्या क्षणी सांगते. इतर वेळी ती गप्प असते आणि पोहणारा आपल्या बळावर पोहतो.

धावण्याच्या शर्यतीतील दोरीही तशीच. पूर्णतः अंध धावपटू आणि डोळस सोबती यांच्या हातांत एक आखूड दोरी असते. ती ताणली जाणारी, म्हणजे रबरी, असून चालत नाही, आणि सोबत्याने धावपटूला ओढायचे नसते. दोरीने दिशा सांगायची, वेग द्यायचा नाही. साधनाने कोठे थांबावे हे इतक्या नेमकेपणाने क्वचितच ठरवलेले असते.

काही वेळा तर साधन बदलावेच लागत नाही. दोरीच्या मल्लखांबात खेळाडूचे सारे शरीर दोरीशी बोलत असते. पायाच्या अंगठ्यात दोरी आली, मांडीवर वेढा बसला, हे डोळ्यांनी पाहायचे नसतेच. मुंबईच्या शिवाजी पार्कातील समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी अंध मुलामुलींनाही मल्लखांब शिकवला. त्यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. ज्याला फांदी आणि सुती दोर मिळतो त्या शाळेला हा खेळ परका नाही. शिकवणारा मात्र जाणकार हवा आणि खाली गादी किंवा भरपूर माती हवी, हे सांगायलाच नको.

भामरागडच्या पावसात

आता ही साधने घेऊन आपल्या जिल्ह्यांत येऊ. वरोड्याच्या आनंदवनात अंध मुलांची शाळा आहे. पण भामरागड तालुक्यातील मूल तेथे जायचे म्हणजे दोनशे किलोमीटरहून अधिक अंतर, घर सोडून वसतिगृहात राहणे. जे मूल जाऊ शकत नाही ते गावच्या शाळेत किंवा आश्रमशाळेत असते, बहुधा सगळ्या शाळेत एकटेच. अकरा अंध खेळाडूंचा संघ तेथे कधीच जमणार नाही. म्हणून स्पर्धेसाठी बनलेली साधने जशीच्या तशी आणून भागत नाही. डोळस मुले आणि एक अंध मूल मिळून खेळतील असा खेळ हवा.

दुसरी गोष्ट हवामानाची. चंद्रपूरचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांच्या वर जातो. उन्हात राहिलेले स्वस्त प्लॅस्टिक लवकर कडक होऊन तडकते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा वेळी चेंडूतील सेल संपला किंवा बझरमध्ये पाणी गेले, तर तो दिवाळीपर्यंत मुकाच राहील. पत्र्याच्या छपराखाली पाऊस पडत असताना तर कोणताच चेंडू ऐकू येणार नाही. त्या दिवसांसाठी दोरी, काठी, स्पर्श यांवर चालणारे खेळ ठेवावेत. साधन गावातच दुरुस्त होते का, हा प्रश्न आम्हाला आवाजाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

आणि दुरुस्त करणारे हात येथे आहेत. या जंगलात बांबू मुबलक. बांबूकाम करणारे बुरूड कारागीर अनेक गावांत आहेत. अंधांच्या फुटबॉलमध्ये मैदानाच्या दोन्ही लांब बाजूंना कमरेइतक्या उंचीच्या फळ्या लावतात. चेंडू बाहेर जात नाही आणि खेळाडूला कड कळते. आपल्याकडे ते काम बांबूच्या तट्ट्यांनी होईल. मात्र बांबूची कड आणि निघालेली कूस हाताला चिरते. वरच्या कडेला जुन्या कापडाची किंवा पोत्याची जाड गुंडाळी शिवल्याशिवाय तट्टे मैदानात उभे करू नयेत. स्थानिक म्हणून साधनाला परीक्षेतून सूट मिळत नाही.

जंगलात चरणाऱ्या गुरांच्या गळ्यात लाकडी घंटा बांधलेली आपण पाहतो. झाडीत गाय दिसत नाही, पण गुराख्याला ऐकू येते. गाय चरत असते, मान हलते, घंटा वाजते. गाय बसली की घंटा गप्प. म्हणजे खुळखुळ्या चेंडूचा पहिला दोष गुराख्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तो काय करतो? शेवटचा आवाज कोठून आला हे ध्यानात ठेवतो आणि तिकडे जातो. अंध खेळाडूही हेच करतो. थांबलेल्या चेंडूची जागा तो आठवणीने धरून ठेवतो. चेंडूने सतत ओरडत राहावे असे आपल्याला वाटते, कारण आपण त्याच्या या आठवणीवर विश्वास ठेवत नाही. विज्ञान-प्रदर्शनातील चेंडूचा सर्वांत मोठा दोष बझर नव्हे, हा अविश्वास आहे.

शाळेत करून पाहा

शेवटी शिक्षकमित्रांसाठी एक प्रयोग. तीन चेंडू घ्या. एकात बझर, दुसऱ्यात मोकळे छर्रे, तिसऱ्यात मध्याजवळ बसवलेली छर्ऱ्यांची डबी. चौथा हवा असेल तर साध्या चेंडूला खताच्या पोत्याचा तुकडा घट्ट गुंडाळा, त्याच्या सळसळीचा आवाज आश्चर्य वाटावे इतका उपयोगी असतो. मैदानात एक जण मध्ये बसवा. दहा मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून चेंडू त्याच्याकडे लोळवा. त्याने आवाजाच्या दिशेने बोट दाखवायचे. खरी दिशा आणि दाखवलेली दिशा यांतील कोन मोजा. प्रत्येक चेंडूसाठी वीस वेळा करा, सरासरी काढा. पुढून आलेला आवाज मागून आल्यासारखा किती वेळा वाटला, हे वेगळे नोंदवा. मग हाच प्रयोग मैदानावर गोंगाट असताना करा.

एक सूचना. डोळ्यांवर पट्टी बांधून हा प्रयोग डोळस मुलांनी जरूर करावा, पण त्यावरून ‘अंधत्व असे असते’ असा निष्कर्ष काढू नये. पट्टी बांधलेले मूल पाच मिनिटांपूर्वी अंध झालेले असते. ते चाचपडते, घाबरते, आणि पट्टी सोडल्यावर सुटकेचा श्वास टाकते. जन्मापासून कानाने जग ओळखणाऱ्या मुलाची गोष्ट निराळी असते. पट्टीने चेंडूची परीक्षा होते, मुलाची नाही. आणि तुमच्या शाळेत अंध विद्यार्थी असेल तर त्याला प्रयोगाचा नमुना करू नका, परीक्षक करा. कोणता चेंडू टाकाऊ हे त्यानेच ठरवावे.

पुढच्या वर्षी प्रदर्शनात ‘बोलका चेंडू’ पुन्हा दिसेल. तेव्हा परीक्षकांनी बटण दाबून पाहण्याऐवजी मुलांना काही प्रश्न विचारावेत. हा कोणत्या खेळाचा चेंडू? तो थांबला की काय होते? फुटला तर गावात कोण दुरुस्त करेल? आणि सर्वांत आधी, या चेंडूने खेळून तुम्हाला नावे ठेवणारा अंध खेळाडू कोण? शेवटच्या प्रश्नाला उत्तर असेल, तर प्रमाणपत्र द्यायला हरकत नाही. नसेल, तर मुलांना चेंडू घेऊन परत मैदानावर पाठवावे. कडुनिंबाखाली चपला राखत कोणी बसले असेल, तर त्याला आधी उठवावे आणि चेंडू त्याच्या हाती द्यावा.